बघण्याचा उजेड

मशीन मी निवडलं. हे आधीच सांगून टाकते. गेल्या चार महिन्यांत घरातल्या प्रत्येकाने ते मला आळीपाळीने ऐकवलं आहे, त्यापेक्षा माझ्याच तोंडून आलेलं बरं.

ओजू साडेतीन वर्षांची असताना तिच्या उजव्या गुडघ्याखाली पांढरा ठिपका आला. आधी तांदळाच्या दाण्याएवढा, मग दोन महिन्यांत रुपयाएवढा. सासवडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी खोलीतला दिवा घालवला, जांभळ्या उजेडात तिचा पाय पाहिला आणि सरळ सांगितलं, "कोड आहे. पण एकाच जागी आहे, वय लहान आहे. उजेडाने भरून येईल. आठवड्यातून तीनदा, वर्षभर. दर वेळी इथे येणं तुम्हाला जमायचं नाही. घरी मशीन घ्या."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते, इकडे तीच पद्धत. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला पांढरं न्हाई."

"आत्याबाई, ते कुणाच्या घरातून येत नाही. शरीरच आपल्या रंगपेशींवर उलटतं."

"आन् शरीर कुठनं येतं? ते बी कुणाच्या तरी घरातूनच की." आणि माझ्या उघड्या दंडांकडे अशी नजर, जणू ते कोड मी रुखवतात मांडून आणलं होतं.

त्या दिवसापासून ओजूला फ्रॉकखाली लेगिंग. उन्हाळ्यातही, घरातसुद्धा. लेगिंग आणल्या त्यांनी. चढवत होते मीच.

मशिनींची पानं मी आठवडाभर वाचली. माझं एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात, घरबसल्या एका प्रयोगशाळेचे अहवाल तपासते, तेव्हा वाचण्याला मी घाबरत नाही. शेवटी दोन मशिनी उरल्या. एक साधा फलक, चौकटीत बसवलेले दिवे आणि वेळ लावायची कळ. धैर्यशीलला, माझ्या नवऱ्याला, तोच पसंत. "लावायचा, मोजून दीड मिनिट, बंद करायचा. त्यात एवढं काय?"

दुसरी मशीन 'साक्षी'.

दोन्हींतला बरं करणारा उजेड एकच होता, ३११ नॅनोमीटरचा. अतिनील किरणांमधली ही एक अरुंद पट्टी. ती त्वचेतल्या चवताळलेल्या संरक्षक पेशींना शांत करते आणि केसांच्या मुळाशी दडून बसलेल्या रंगपेशींना जागं करून वर बोलावते. मग पांढऱ्या डागात आधी तिळाएवढे तपकिरी ठिपके उगवतात आणि ते पसरत एकमेकांना मिळतात. मात्रा चुकली, तर भाजतं.

'साक्षी'त या उजेडाशिवाय आणखी एक होता, ३६५ नॅनोमीटरचा. तो बरं करत नाही, नुसता बघतो. त्यात कोड ट्यूबलाइटसारखं निळसर पांढरं चमकतं आणि कॅमेरा डागाची कड केसाएवढ्या अचूकतेने मोजतो. त्यावरून मशीन आजची मात्रा ठरवते. शिवाय जिथे उजेड पडतो तिथली सगळी कातडी ती दर खेपेला तपासते. ओरखडा, पुरळ, लेप, काहीही. बारा वर्षांखालच्या मुलांवर घरी असा उजेड वापरायचा असेल तर इजेची नोंद बाल संरक्षण कार्यालयाला आपोआप जावी, असा नियम २०३४ मध्ये झालाच होता. 'साक्षी' ती नोंद फोटोसकट करते. साधा फलक आंधळा होता. त्याच्यासाठी कागद भरून द्यायचा.

"म्हणजे आपल्या घरात पोलीस आणायचा," धैर्यशील म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "या घरात हवाच आहे."

कारण देवघराच्या कपाटात, कापरामागे, मला एक बाटली सापडली होती. बावचीचं तेल. बावचीच्या बियांचं हे तेल कोडावर लावायची जुनी रीत आहे, आणि त्यात सोरालेन असतं. सोरालेन कातडीला उजेडाची हाव लावतं. ते लावून अतिनील किरणांखाली बसलं तर फोड येतात. हे सगळं मी आत्याबाईंना सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाटली टाकून दिली नाही. मग मी काय केलं? बाटलीवर, तेलाच्या पातळीला, पेनाने एक बारीक रेघ मारली. रोज जाऊन बघायची. तेल रेघेला आहे ना? आहे. उद्या परत.

मशीनने कामही केलं. तिसऱ्या महिन्यात डागाच्या कडेला तीन तपकिरी ठिपके दिसले. मी एकटीच रडले. आत्याबाई म्हणाल्या, "उन्हानं बी आलं असतं."

मार्चमधल्या त्या रविवारी वाडीत एका लग्नाची हळद होती, त्यामुळे तोडणीच्या बायका आल्या नाहीत. आमच्या अंजिराच्या बागेत मीठा बहार, म्हणजे उन्हाळी पीक, ऐन भरात. पिकलेलं अंजीर झाडावर एक दिवस जास्त राहिलं की गेलं. उजाडताच आत्याबाई दारात आल्या. धैर्यशील आदल्या दिवशीचा माल घेऊन पुण्याला निघून गेला होता.

"दोन पाट्या तोडल्यास तर काय हात झिजायचे न्हाईत तुझे."

"येते ना. मी कधी नाही म्हटलंय?"

"म्हणायला कशाला लागतंय? तोंडावर दिसतंय." त्यांनी खोबरेल तेलाची वाटी पुढे केली. "कोपरापर्यंत लाव. चीक बसतो."

इकडे तोडणीआधी सगळ्या बायका हाताला तेल लावतात. अंजिराचं देठ तुटलं की दुधासारखा चीक गळतो, पाण्याने जात नाही. मला हे माहीत होतं. पण ती वाटी ज्या तऱ्हेने पुढे आली होती, त्या तऱ्हेला मी हात लावणार नव्हते.

"मला चालतं तसंच," मी म्हटलं.

त्या हसल्या. "चालू दे."

दोन नाही, पाच पाट्या भरल्या. घरी येऊन साबणाने हात धुतले, बोटं चिकट वाटत राहिली. दहा वाजता ओजूच्या उजेडाची वेळ. ती आज वळवळत होती, गॉगल नको म्हणत होती. तिला खाटेवर निजवलं, लेगिंग काढली, उजवी पोटरी घट्ट पकडून ठेवली आणि दुसऱ्या हाताने गॉगल चढवला. गाणं म्हटलं, एक नाही, दोन. मशीन तिच्या गोड बाईच्या आवाजात म्हणाली, "कृपया हात बाजूला घ्या." मी घेतला. आधी बघण्याचा उजेड, मग बरं करण्याचा, मग परत बघण्याचा. नेहमीसारखं झालं.

मंगळवारी सकाळी ओजू पाय वर करून म्हणाली, "आई, माझ्या पायावर हात आलाय."

पोटरीवर चार बोटं आणि एक अंगठा. लालसर तपकिरी, कडेने फोड. इतका नेमका की बोटांची पेरं मोजता यावीत. मोठ्या माणसाचा हात.

मी ओरडले असेन, कारण धैर्यशील गोठ्यातून धावत आला. आत्याबाई मागून आल्या, खाली वाकल्या, ठशाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. तो गप्पपणा मला पुरला.

मी देवघराकडे धावले. कापरामागची बाटली काढली, उजेडात धरली.

तेल रेघेला होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, वापरून वर दुसरं तेल ओतलं असेल, तेवढी हुशार आहे ती बाई. म्हटलं आणि मला ते खरं वाटलं. एवढ्या लवकर कसं खरं वाटलं, याचा विचार मी आता करते.

बाटली घेऊन मी बाहेर आले. "हे काय आहे? लावलंत ना तुम्ही? पोटरी धरून लावलंत!"

"शर्वरी, हळू," धैर्यशील म्हणाला.

"का हळू? पोरीला भाजलंय यांनी!"

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. मांजर भिंतीवर बसून खाली बघतं तशा.

"बोल," त्या म्हणाल्या. "अजून काय ते बोलून घे."

आणि मी बोलले. तीन दिवस बोलले. पांढरं, लेगिंग, माझे दंड, लग्नातलं मानपान, सगळं. त्यांना ओजूजवळ जाऊ दिलं नाही. ओजू दारातून "आजी, गोष्ट" म्हणून हाका मारायची आणि मी दार लावून घ्यायची. धैर्यशीलने तिन्ही दिवस बागेत जेवण मागवलं.

डॉक्टरांनी फोनवर फोटो पाहिला, मलम सांगितलं. "उजेडाची प्रतिक्रिया आहे. काहीतरी लागलंय कातडीला. शोधा." मी म्हटलं, सापडलंय.

पण मी कुणाला कळवायच्या आत मशीनने नोंद केलीच होती. गुडघ्याची खेप चुकू नये म्हणून मंगळवारी ओजूला मशीनखाली निजवलं तर उजेड लागेचना. पडद्यावर ओळ आली: इजा आढळली. आकार: प्रौढ व्यक्तीचा तळहात. अहवाल पाठवला आहे.

पोलीस हवाच आहे म्हणणारी मी. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

शुक्रवारी दुपारी बाल संरक्षण अधिकारी आल्या. तांबोळी मॅडम, पन्नाशीच्या, खांद्याला जड पिशवी, पायात बूट. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं. ओजूचा पाय पाहिला, तिच्याशी तिच्या बाहुलीबद्दल बोलल्या, मग तिला शेजारच्या खोलीत चित्र काढायला बसवलं.

"कुणी मारतं का, असं मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "सगळे नाहीच म्हणतात. मशीनने ठसा मोजून पाठवलाय. घरात मोठी माणसं तीन. तिघांचे हात बघते. जुळेल त्या माणसाला चौकशी होईपर्यंत मुलीबरोबर एकटं राहता येणार नाही. कबूल?"

मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली. "मॅडम, हे त्यांच्या देवघरात सापडलंय. यात काय असतं तुम्हाला माहीत असेल." माझा आवाज स्वच्छ होता. एखादा अहवाल वाचावा तसा.

त्यांनी पिशवीतून काचेची पाटी काढली. तिच्यावर ओजूच्या पोटरीवरचा ठसा, खऱ्या मापात, निळ्या रेषेत.

"आधी माझा घ्या," आत्याबाई म्हणाल्या. पदराला हात पुसले, पाटीवर पंजा ठेवला. चाळीस वर्षांच्या कामाने रुंदावलेला तो पंजा निळ्या रेषेच्या चारी बाजूंनी बाहेर आला. बोटं आखूड, तळवा पसरट. काच लाल झाली.

मला वाटलं, काच चुकतेय.

धैर्यशीलचा तर बघायलाच नको. लाल.

"ताई, तुम्ही," तांबोळी मॅडम म्हणाल्या.

मी हात पुढे केला आणि त्याच वेळी मला माझं मनगट दिसलं. आतल्या बाजूला एक तपकिरी ओघळ, कोपराकडे गेलेला, बोटाएवढा लांब. दोन दिवस मी त्याला अंजिराच्या पाटीच्या काठाचा ओरखडा समजत होते. पाटी घासली तर ओघळ कसा पडेल? ओघळ पडतो तो गळणाऱ्या गोष्टीचा.

सोरालेन काय एकट्या बावचीत असतं? अंजिराच्या चिकात असतं. मी हे वाचलेलं होतं. कधीतरी, कुठल्यातरी पानाच्या तळाशी. तळहाताची कातडी जाड, तिला काही होत नाही. मनगटाची पातळ. चार वर्षांच्या पोरीच्या पोटरीची त्याहून पातळ. मी तिला धरलं, दोन गाणी होईपर्यंत धरून ठेवलं, चीक मुरू दिला, मग हात बाजूला घेतला. आणि ३६५ चा उजेड, जो फक्त बघतो, ज्याच्यासाठी मी ही मशीन निवडली होती, तो बरोबर तिथे पडला. एरवी तो निरुपद्रवी. चिकावर नाही. शिवाय हे भाजणं दीड-दोन दिवसांनी वर येतं, तोवर कोणाला रविवार आठवतोय?

साध्या फलकात तो उजेड नव्हताच.

मी हात ठेवला. काच हिरवी झाली. निळ्या रेषेच्या बाहेर माझं एक नखसुद्धा नव्हतं.

धैर्यशील उठून उभा राहिला आणि परत बसला.

मी सगळं सांगितलं. चीक, सोरालेन, उजेड, मनगट. भराभरा, एकात एक. तांबोळी मॅडम लिहून घेत होत्या. मग पेन थांबलं.

"पटण्यासारखं आहे. पण अर्ध्या तासापूर्वी तुम्ही मला तेवढंच पटण्यासारखं दुसरं सांगत होतात." बाटलीकडे त्यांनी बोट केलं. "रविवारी तुम्ही अंजीर तोडलेत, उघड्या हातांनी, हे कुणी पाहिलं?"

धैर्यशील पुण्याला होता. बायका हळदीला. पाहिलं होतं एकीनेच, आणि ती समोर बसली होती.

आत्याबाईंनी घाई केली नाही. लुगड्याची निरी सारखी केली. आत ओजू बाहुलीला काहीतरी समजावत होती, ते ऐकू येत होतं.

"तोडले," त्या शेवटी म्हणाल्या. "पाच पाट्या. तेल दिलं होतं मी, घेतलं न्हाई. आन् बाई, ठसा बघितला तेव्हाच मी वळखला. लग्न होऊन आल्यापास्नं चिकाचे डाग बघतेय. दर हंगामाला एक तरी नवी पोर हात भाजून घेती."

"मंगळवारीच ओळखलंत? मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं? पोरीला मलम लागत होतं, चिकाच्या भाजण्याला बी तेच लागतं." त्यांनी बाटली उचलून मॅडमच्या हातात दिली. "ही तुम्हाला आणून दाखवली ना? हिच्यावर पेनाची रेघ आहे बघा. जानेवारीपास्नं आहे. ती कुणी मारली, ते विचारा. आन् तेल रेघेला आहे का न्हाई, तेवढं सांगा मला. माझी नजर कमी झालीय."

तांबोळी मॅडमनी बाटली उजेडात धरली. मी जशी धरली होती तशीच.

"रेघेला आहे," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे पाहिलं.

चिकाची गोष्ट त्यांनी अहवालात लिहिली, साक्षीदारासह. 'बहुधा अपघात.' पण मशीनच्या यादीत चीक नावाचा रकाना नाही, त्यामुळे प्रकरण समितीकडे गेलं. समिती तीन महिन्यांनी बसते. तोवर मी ओजूबरोबर एकटी राहायचं नाही आणि मशीन माझ्या हाताने चालू होणार नाही. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने पंजा टेकवला तरच. धैर्यशीलचं बागेतलं वेळापत्रक बघता ते माणूस कोण, हे लिहिताना मॅडमना विचारावंही लागलं नाही.

त्या गेल्यावर धैर्यशील म्हणाला, "तो साधा फलक आणू या का? कटकट नाही. त्याला पंजा लागत नाही."

मी ओजूचा गुडघा पाहिला. तीनचे सात ठिपके झाले होते, दोन एकमेकांना मिळायला आले होते. मात्रेत आता फेरफार झाला, नवीन मशीनवर पहिल्यापासून सुरुवात झाली, तर?

"नाही," मी म्हटलं. "हीच राहू दे."

आता आमची सकाळ अशी असते. ओजूची वेणी घालायची तर आत्याबाई उंबऱ्यात बसतात. आंघोळ घालायची तर न्हाणीचं दार उघडं. त्या लसूण सोलतात. मी माफी मागितली, एकदा. त्या म्हणाल्या, "कशाची? यादी कर, मोठी असंल." दुसऱ्यांदा मागायला मी गेले नाही, आणि त्यांनीही वाट पाहिली नाही. ओजू मात्र खूश आहे. फोड गेले, तपकिरी पंजा राहिला, डॉक्टर म्हणतात वर्ष लागेल जायला. लेगिंग ती आता घालतच नाही. बालवाडीत सगळ्यांना पाय दाखवते. "हा माझ्या आईचा हात आहे," म्हणते. गुडघ्याखालच्या पांढऱ्याबद्दल कुणी विचारतसुद्धा नाही.

दहा वाजता आत्याबाई आत येतात. "हात दाखव."

मी दोन्ही पंजे पुढे करते. त्या उलटेसुलटे करून बघतात, मनगटाचा ओघळ बघतात, वास घेतात. मग आपला रुंद पंजा मशीनवर टेकवतात. मशीन गोड आवाजात म्हणते, "सुरक्षित व्यक्ती ओळखली." मग मला, "कृपया हात बाजूला घ्या."

आज गॉगल चढल्यावर ओजूने हवेत हात चाचपला. "आई, आहेस ना?"

"आहे."

"मग धर ना."

मी पुढे झाले आणि थांबले. कधी नव्हे ते, न ठरवता, मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मला तसंच थोडा वेळ उभं ठेवलं. मशीनवरचा आकडा उलटा मोजत होता.

"हाताला धर," त्या म्हणाल्या. "पायाला न्हाई."